सगळ्यांच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर कमांड लाइनवरून निरोप पाठवायचाय (आणि एक घोळ)

घासलेला_कळफलक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आधी घोळ सांगतो, मग प्रश्न विचारतो.

आमच्याकडे विंडोज सर्व्हर २०१९ चे ४ सेशन होस्ट (एकाच मशीनवर अनेक जण लॉगिन करतात ते सर्व्हर) आहेत. शिवाय विंडोज १० चे ३८ व्हर्च्युअल डेस्कटॉप, माणशी एक. सगळी मिळून दीडशेच्या आसपास माणसं. काल पॅच टाकून सगळं रीबूट करायचं होतं. मेल सकाळीच गेली होती, पण मेल कोण वाचतो? म्हणून रीबूटच्या दहा मिनिटं आधी पहिल्या होस्टवर जाऊन एमएसजी, म्हणजे स्क्रीनवर निरोपाची खिडकी दाखवणारा विंडोजचा आदेश, चालवला:

एमएसजी * "१० मिनिटांत सर्व्हर बंद होत आहे, काम सेव्ह करा"

माझ्यासमोर खिडकी उघडली. वाटलं, सगळ्यांना गेलं. तारांकन म्हणजे सगळे, नाही का? तर नाही. ते फक्त त्या एका होस्टवरच्या लोकांना गेलं. बाकी तीन होस्ट आणि ३८ डेस्कटॉप पूर्णपणे अंधारात. रीबूट झाला आणि एका बाईंचं दोन तासांचं काम गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आज /सर्व्हर: लावून, म्हणजे दुसऱ्या मशीनचं नाव देऊन पाहिलं. होस्टना जातंय, पण विंडोज १० वाल्या मशिनींवर "एरर ५ गेटिंग सेशन नेम्स" येतं. अ‍ॅडमिन खात्यानेच करतोय.

प्रश्न दोन. एरर ५ चं काय करू? आणि हे सगळं एका ठिकाणाहून नीट कसं करायचं?

(आदेश देवनागरीत लिहितोय, टंकताना तुमचे तुम्ही रोमन करून घ्या.)

---

तळघर

एरर ५ म्हणजे अ‍ॅक्सेस डिनाइड. तुमची परवानगी ठीक असणार, कारण होस्टवर जातंय. विंडोज १० बाहेरून आलेली ही विचारणा मुळात ऐकतच नाही. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर या फांदीत "अलाउरिमोटआरपीसी" नावाची किंमत आहे. ती ० असेल, १ करा. ३८ मशिनी हाताने करू नका, ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशिनींच्या सेटिंग एका जागेवरून बदलायची सोय) रजिस्ट्रीची किंमत ढकला.

त्यानंतर एरर ५ जाऊन १७२२ आला तर घाबरू नका, ती प्रगती आहे. १७२२ म्हणजे आरपीसी (एका मशीनने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची पद्धत) सर्व्हर सापडत नाही, म्हणजे बहुधा फायरवॉल. पोर्ट ४४५ बघा.

---

निळा_पडदा

धागा वाचायला घेतोय. आमच्याकडेही हाच खेळ आहे.

---

जुनी_जाणती

नेट सेंड आठवलं हो! विंडोज एनटी आणि विंडोज २००० च्या काळात कोणालाही, कुठूनही पाठवता यायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही "तुमची हार्ड डिस्क फॉरमॅट होत आहे" असे निरोप पाठवायचो आणि समोरच्या रांगेत कोण दचकतंय ते बघायचो.

नंतर त्याच मेसेंजर सर्व्हिसमधून इंटरनेटवरून जाहिरातींच्या खिडक्या यायला लागल्या. २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने ती सर्व्हिस बंद करून ठेवली, आणि व्हिस्टात ती उरलीच नाही. एमएसजी हे त्याचं भावंड नाही. ते टर्मिनल सर्व्हरच्या घरातलं आहे. नेट सेंड मशीनला निरोप द्यायचं, एमएसजी सेशनला देतं. धागाकर्त्याचा घोळ इथेच झालाय. तारांकनाचा अर्थ "या मशीनवरची सगळी सेशन्स" एवढाच. दुसरं मशीन म्हटलं की त्याचं नाव घ्यावंच लागतं.

---

तळघर

+१. आणि ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे त्यांनी एमएसजी शोधू नका, त्या आवृत्तीत ते येतच नाही.

---

उभा_दंड

माझं मत वेगळं आहे. अलाउरिमोटआरपीसी करू नका. एका निरोपासाठी ३८ मशिनींवर दार उघडं ठेवणं मला पटत नाही. पॉवरशेल रिमोटिंग, म्हणजे दूरच्या मशीनवर आदेश चालवायची सोय, आधीच चालू असेल (पोर्ट ५९८५) तर इन्व्होक-कमांड वापरा. त्यात एमएसजी त्या-त्या मशीनवर स्थानिक म्हणूनच चालतं, त्यामुळे आरपीसीचा प्रश्नच येत नाही:

इन्व्होक-कमांड -कॉम्प्युटरनेम $यादी { एमएसजी * /टाइम:६०० "रात्री ९:३० ला मशीन बंद होईल" }

यादी एका टेक्स्ट फाइलमधून घ्या. एका वेळी ३२ मशिनींकडे समांतर जातं, बाकीच्या आपोआप रांगेत लागतात. तुमच्या ४२ मशिनींना काही सेकंद लागतील.

/टाइम विसरू नका. तो दिला नाही तर खिडकी ६० सेकंदांत आपली आपण मिटते. माणूस पाणी प्यायला गेला असेल तर त्याला काही आलं होतं हेसुद्धा कळत नाही.

---

घासलेला_कळफलक

@उभा_दंड, रिमोटिंग चालू आहे. करून पाहिलं, ४२ पैकी ४१ मशिनींवर गेलं! एक बंद होतं. बाकी सगळीकडे "चाचणी १२३" पोचलं.

हो. सगळ्यांना. दुपारी. फोन वाजतायत.

---

निळा_पडदा

😂😂 चाचणी नेहमी स्वतःच्या नावाने करावी राव. तारांकनाच्या जागी आपलं युजरनेम.

---

उभा_दंड

आता पुढचे खड्डे सांगतो, म्हणजे पुन्हा फोन वाजणार नाहीत.

/डब्ल्यू लावू नका. त्याने समोरचा ओके दाबेपर्यंत आदेश थांबून राहतो. तारांकनासोबत लावलात तर एकेका सेशनसाठी थांबतो. एकदा मी तो शेड्यूल्ड टास्कमध्ये लावला होता. पहिला माणूस जेवायला गेलेला. शेवटच्या माणसापर्यंत निरोप पोचायच्या आत रीबूटची वेळ उलटून गेली होती.

मजकूर फाइलमधून द्यायचा असेल तर सीएमडीत "<" चालतं, पॉवरशेलमध्ये नाही. तिथे ते चिन्ह राखीव आहे आणि सरळ चूक दाखवतं. गेट-कंटेंटने वाचून पाइप करा.

आणि तुमचा मॉनिटरिंग एजंट ३२ बिटचा असेल तर एमएसजी सापडतच नाही असं म्हणेल. हे मला शोधायला अख्खा दिवस लागला. एमएसजी फक्त ६४ बिटच्या सिस्टिम३२ मध्ये आहे, आणि ३२ बिटच्या प्रोग्रामला विंडोज गुपचूप दुसऱ्याच फोल्डरकडे वळवतं. अशा वेळी मार्गात सिस्टिम३२ च्या जागी "सिसनेटिव्ह" लिहा.

---

पुसट_शाई

देवनागरी मजकूर कोणी पाठवलाय का? माझ्याकडे बॅच फाइलमधून प्रश्नचिन्हांची माळ गेली. लोकांना वाटलं मीच काहीतरी विचारतेय.

---

तळघर

@पुसट_शाई, बॅच फाइल कन्सोलच्या चालू कोड पेजनुसार वाचली जाते, आणि देवनागरी जुन्या कोणत्याच कन्सोल कोड पेजात बसत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि पहिल्या ओळीत सीएचसीपी ६५००१ टाका. पॉवरशेल ५.१ असेल तर उलटं. तिथे फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग ओळखायची खूण) नसेल तर ते ती जुन्या एन्कोडिंगने वाचतं, म्हणून "यूटीएफ-८ विथ बीओएम" असं सेव्ह करा. एकाला ते नको असतं, दुसऱ्याला ते लागतं. एकाच घरातले दोन भाऊ.

---

पुसट_शाई

झालं! धन्यवाद. पहिल्यांदाच लोकांनी निरोप पूर्ण वाचला असं वाटलं, कारण एकाने शुद्धलेखनाची चूक काढली.

---

चौथी_मिती

क्लाउडवाल्यांसाठी. अ‍ॅझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये सेंड-एझेडडब्ल्यूव्हीडीयूजरसेशनमेसेज आहे. रिसोर्स ग्रुप, होस्ट पूल, सेशन होस्ट, सेशन आयडी, शीर्षक आणि मजकूर इतकं द्यावं लागतं. आधी गेट-एझेडडब्ल्यूव्हीडीयूजरसेशनने यादी घ्या. त्यातलं नाव "पूल/होस्ट/आयडी" असं जोडलेलं येतं, ते तिरप्या रेघेवर तोडून शेवटचा तुकडा घ्यायचा. इथेच नवखे अडकतात. २०२१ पर्यंत या सेवेचं नाव विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप होतं, म्हणून आदेशात अजून डब्ल्यूव्हीडी अक्षरं दिसतात.

स्वतःच्या सर्व्हरवर आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) असेल तर सर्व्हर २०१२ पासून सेंड-आरडीयूजरमेसेज मिळतं. कनेक्शन ब्रोकरकडून (कोण कुठल्या होस्टवर आहे याचा हिशेब ठेवणारा सर्व्हर) गेट-आरडीयूजरसेशनने सगळ्या होस्टवरची सेशन्स एकदम येतात. धागाकर्त्याच्या ४ होस्टसाठी हेच सरळ पडेल.

---

निळा_पडदा

आणि सिट्रिक्सच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी?

---

चौथी_मिती

सेंड-ब्रोकरसेशनमेसेज. गेट-ब्रोकरसेशनमधून पाइप करायचं, वर शीर्षक, मजकूर आणि स्टाइल. पण वेगळं काही सांगितलं नाही तर गेट-ब्रोकरसेशन फक्त २५० नोंदी देतं. मॅक्सरेकॉर्डकाउंट वाढवून द्या, नाहीतर २५१ व्या माणसापासून पुढे सगळे धागाकर्त्याच्या त्या बाई.

---

घासलेला_कळफलक

@चौथी_मिती, मीठ चोळू नका 🙏

---

देवमाशाचा_दात

लिनक्सबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

वॉल हा आदेश सगळ्यांना माहीत असतो. पण वॉल टर्मिनलवर लिहितं. ज्याने ग्राफिकल डेस्कटॉप उघडलाय आणि टर्मिनल उघडलेलंच नाही त्याला काहीही दिसत नाही. एक्सआरडीपी किंवा व्हीएनसीवर (दूरून डेस्कटॉप वापरायची साधनं) बसलेल्या माणसासाठी वॉल म्हणजे रिकाम्या खोलीत मारलेली हाक. आणि टर्मिनलवाल्यांनी "मेसग एन" केलेलं असेल तर इतरांचं तिकडेही पोचत नाही, रूटचं (मुख्य अ‍ॅडमिनचं) पोचतं.

डेस्कटॉपवर दाखवायचं तर नोटिफाय-सेंड. ते रूट म्हणून नुसतं चालवून भागत नाही, कारण प्रत्येक माणसाची डी-बस (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती वाट) वेगळी. लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्सने कोण आहे ते बघायचं, मग त्या माणसाच्या वतीने, म्हणजे सुडो -यू लावून, डीबस_सेशन_बस_अ‍ॅड्रेस या चलात यूनिक्स:पाथ=/रन/यूजर/<यूआयडी>/बस असं देऊन नोटिफाय-सेंड चालवायचं. "-यू क्रिटिकल" दिलं तर सूचना आपोआप मिटत नाही, माणसाने स्वतः बंद करेपर्यंत राहते. निदान प्रमाण तसं सांगतं.

अवांतर: शटडाउन -के हा फार गोड पर्याय आहे. तो बंद होण्याची सूचना सगळ्यांना पाठवतो पण मशीन बंद करत नाही. फक्त "के" टाइप करायला विसरू नका.

अवांतर २: वॉलमध्ये मार्च २०२४ मध्ये एक छिद्र जाहीर झालं होतं, सीव्हीई-२०२४-२८०८५. मजकुरातून एस्केप सीक्वेन्स घुसवून दुसऱ्याच्या टर्मिनलवर खोटा पासवर्डचा प्रश्न दाखवता येत होता. यूटिल-लिनक्स २.४० मध्ये दुरुस्ती आली. जुनं असेल तर अपडेट करा.

---

जुनी_जाणती

हे छान सांगितलंत. पण त्यावरून मूळ मुद्दा निघतो. इथे सगळे निरोप *पाठवण्याबद्दल* बोलतायत. तो दिसला का, आणि वाचला का, हे कोणालाच कळत नाहीये.

मी बारा वर्षं हेल्पडेस्कवर होते. "मला काही आलंच नाही" म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. माणूस भराभर टाइप करत असतो, मध्येच खिडकी उगवते, तिचं ओके बटण आधीच निवडलेलं असतं. त्याने स्पेस किंवा एंटर दाबला की खिडकी गेली. त्याला फक्त स्क्रीन लुकलुकल्यासारखी वाटते.

---

उभा_दंड

हे मात्र खरं आहे. मी यासाठी एमएसजी सोडून खालच्या पातळीवर गेलो. विंडोजच्या डब्ल्यूटीएसएपीआय३२ या लायब्ररीत डब्ल्यूटीएससेंडमेसेज नावाचं फंक्शन आहे. पॉवरशेलमधून अ‍ॅड-टाइपने बोलावता येतं. त्यात शीर्षक, बटणं, चिन्ह, मुदत सगळं आपल्या हातात, आणि थांबायला सांगितलं तर उत्तर परत येतं. ओके दाबलं तर १, मुदत संपली तर ३२०००. मी ही उत्तरं नोंदवून ठेवायचो. "बघा, तुम्ही ९:०४ ला ओके दाबलंय" असं दाखवता येतं.

---

जुनी_जाणती

आणि तो ओके म्हणजे टाइप करता करता लागलेला एंटर असेल तर? मग तुमच्याकडे फक्त खोट्या वाचनाची पक्की नोंद आहे.

---

उभा_दंड

...

मान्य. हा विचार केला नव्हता.

---

तळघर

उपाय आहे. नुसतं ओके नको, ओके आणि कॅन्सल अशी दोन बटणं ठेवा आणि दुसरं आधीपासून निवडलेलं ठेवा. स्टाइलची किंमत १ + २५६ = २५७, इशाऱ्याचं पिवळं चिन्ह हवं तर आणखी ४८, म्हणजे ३०५. मग चुकून लागलेल्या एंटरचं उत्तर २ येतं, आणि माउसने जाणूनबुजून ओके केलं तरच १. ज्यांचं २ किंवा ३२००० आलं त्यांना पाच मिनिटांनी पुन्हा पाठवायचं, १ वाल्यांना पुन्हा छळायचं नाही.

थांबायला सांगणार असाल तर प्रत्येक सेशनसाठी वेगळा जॉब करा, नाहीतर /डब्ल्यूचीच गोष्ट.

एक सापळा: या फंक्शनला शीर्षक आणि मजकूर यांची लांबी अक्षरांत नाही, बाइटमध्ये हवी असते. युनिकोड आवृत्तीत म्हणजे दुप्पट. मी पहिल्यांदा नुसती लेंग्थ दिली आणि अर्धाच निरोप दिसला, "आज रात्री सर्व्हर बंद" एवढाच. "राहणार नाही" कापलं गेलं होतं.

---

निळा_पडदा

हाहाहा, अर्थच उलटा झाला!

---

पुसट_शाई

मजकुराबद्दल एक. "१० मिनिटांत" कधीच लिहू नका. खिडकी कधी उघडली आणि माणसाने कधी पाहिली यात अंतर असतं. घड्याळाची वेळ लिहा. आणि निरोपात लिंक देऊ नका. एकदा खिडकीत आलेल्या लिंकवर विश्वास ठेवायची सवय लागली की उद्या दुसरं कोणीही तशीच खिडकी दाखवेल.

---

देवमाशाचा_दात

सगळ्यात आधी नवीन लॉगिन थांबवा हो. नाहीतर निरोप गेल्यावर आलेल्या माणसाला काहीच माहीत नसतं. विंडोजचे आदेश मला फारसे येत नाहीत, पण तिकडेही काहीतरी असेल ना?

---

चौथी_मिती

आहे. सेशन होस्टवर: चेंज लॉगऑन /ड्रेनअनटिलरीस्टार्ट. आधीची सेशन्स चालू राहतात, तुटलेल्या सेशनवाल्याला परत येता येतं, नवीन कोणी येत नाही, आणि रीबूट झाला की आपोआप उघडतं. नुसतं /ड्रेन दिलंत तर रीबूटनंतरही बंदच राहील आणि सकाळी पुन्हा फोन.

---

घासलेला_कळफलक

एवढं सगळं घेऊन आज स्क्रिप्ट लिहायला बसलो. क्यूयूजरच्या (कोण लॉगिन आहे ते दाखवणारा आदेश) आउटपुटमधून युजर आणि आयडी काढतोय, पण काहींच्या बाबतीत आयडीच्या जागी "डिस्क" शब्द येतोय. रिकाम्या जागेवर तोडतोय.

---

तळघर

नेहमीचंच. ज्याचं सेशन डिस्कनेक्टेड आहे त्याचा सेशननेमचा रकाना रिकामा असतो, म्हणून पुढचं सगळं एक घर डावीकडे सरकतं. रिकाम्या जागेवर तोडू नका, शीर्षकाच्या ओळीत रकाना कुठे सुरू होतो ते मोजून तिथून कापा.

आणि त्या डिस्कनेक्टेड लोकांसाठी एमएसजीवर भरवसा नको. नाव घेऊन पाठवलं तर "अस्तित्वात नाही किंवा डिस्कनेक्टेड आहे" असं सांगून मोकळं होतं. खरी भीती याच लोकांची. खिडकीची फुली मारून घरी गेलेले, फाइल उघडी, सेव्ह न केलेली. त्यांना फोनच करावा लागतो.

---

घासलेला_कळफलक

पुढच्या पॅचच्या वेळी, शनिवारी रात्री केलं. संध्याकाळी ८ ला चेंज लॉगऑन. ८:३० ला पहिला निरोप, तळघर यांच्या ३०५ वाल्या खिडकीतून, घड्याळाची वेळ लिहून. ६१ सेशन्स चालू होती. पहिल्या फेरीत ३७ जणांचं उत्तर १ आलं, १५ जणांचं २, बाकी ३२०००. म्हणजे पंधरा जणांनी न बघता एंटर मारला! जुनी_जाणती, तुम्हाला साष्टांग.

दुसऱ्या फेरीत आणखी १८ कमी झाले. उरलेल्या सहा जणांना फोन केले. त्यातले पाच जण खुर्चीवर नव्हतेच. सहावा म्हणाला, खिडकी येतेय पण मला वाटलं व्हायरस आहे. त्या बाईंना मी आधीच स्वतः फोन केला होता. त्या "अहो, दिसलं मला" म्हणाल्या आणि हसल्या.

डिस्कनेक्टेड नऊ होती. आठ जणांशी बोलणं झालं. एक सेशन मात्र तिसऱ्या होस्टवर, आयडल टाइम १९+०४:१२. एकोणीस दिवस! नोटपॅड उघडं, सेव्ह न केलेलं.

---

निळा_पडदा

एकोणीस दिवस?? कोणाचं होतं?

---

घासलेला_कळफलक

माझंच.